चढता डोस

त्या काळात रक्त दुरुस्त करता यायचं. हाडांतली मज्जा काढायची, तिच्यातला बिघडलेला जीन बदलायचा, मज्जा परत सोडायची. महिन्याभरात पोर घरी. फक्त नंबर लागावा लागे. नऊ वर्षांच्या शार्वी ढमढेरेचा नंबर पाच महिन्यांनी होता.

शार्वीचं रक्त थांबत नसे. जखम झाली की आपल्या रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून तिथं बूच बसवतात. त्यांच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं, त्याची ही करामत. प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘गोंद’ म्हणत. शार्वीच्या प्लेटलेटवर हा गोंद जन्मापासून नव्हताच. दुधाचा दात पडला तरी उशी भिजायची.

आणि दैवाची थट्टा बघा, तिची आई कांचन तोच गोंद बाटल्यांत भरायच्या कामावर होती! शिरवळजवळच्या त्या प्रयोगशाळेत माणसाचा जीन हॅमस्टरच्या पेशींत घालत आणि त्या पेशी पोलादी टाक्यांत वाढवून त्यांच्याकडून हे प्रथिन बनवून घेत. चिमूटभर पांढरी पूड, इवल्याशा बाटल्या. त्यावर देशोदेशीचे संशोधक प्रयोग करत.

“मॅडम, माझ्या पोरीत जे नाही ते इथं टाकीभर आहे. एक बाटली द्या की,” कांचनने विभागप्रमुख डॉ. वसुधा मोघेंना विचारलं.

“ते संशोधनासाठी आहे, कांचनताई. माणसांना द्यायचं नाही.”

“पण का?”

“नियम आहे.”

झालं! एवढी शिकलेली बाई, पण पाच मिनिटं बसून समजावून सांगेल तर शपथ. कांचनला वाटलं, ही नेहमीचीच साहेबलोकांची टाळाटाळ.

तिरकं लेबल बसलेल्या बाटल्या नष्ट करायच्या असत. त्यांतल्या सहा तिने डब्याच्या पिशवीत टाकल्या. इंजेक्शन द्यायला ती शिकलेलीच होती, शार्वीला रक्त थांबवायची सुई घरीच द्यावी लागे. पण डोस किती? विचारणार कोणाला? तिने बाळगुटीची रीत धरली. तान्ह्या बाळाला सुरुवातीला मुळीचा एक वेढा उगाळून द्यायचा, मग दोन, मग तीन. अंगाला हळूहळू सवय होते. तसाच तिने दर पंधरा दिवसांनी डोस चढवत नेला.

“आई, गुण येतोय का गं?”

“येईल, बाळा. औषधाला वेळ द्यावा लागतो.”

नंबर जवळ आला. दुरुस्तीआधीची रक्ततपासणी मोघेंच्याच विभागात व्हायची. त्यांनी कांचनला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“काय दिलंत तिला?”

कांचनने सगळं सांगितलं, बाळगुटीसकट. मोघेंनी शार्वीच्या रक्ताचा अहवाल तिच्यापुढे सरकवला.

“अहो, बाटलीतला गोंद प्लेटलेटवर जाऊन बसत नाही. कडी अंगणात पडली म्हणून काय दाराला लागते? शार्वीच्या शरीराने गोंद कधी पाहिलाच नव्हता. त्याला तो शत्रू वाटला. त्यात तुम्ही थोडा थोडा, पुन्हा पुन्हा, चढवत दिलात. आम्ही उंदरांना अगदी असंच देतो, शत्रूची ओळख पक्की व्हावी म्हणून.”

“मग?”

“दुरुस्त केलेल्या प्लेटलेटवर गोंद असणार. तिचं शरीर त्यांना वेचून मारील. दुरुस्ती आता करता येणार नाही.”

“पाया पडते, मॅडम. ती ओळख पुसून टाका.”

“ते अजून कुणालाच येत नाही.”

कांचनने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं, एकदा, दोनदा. मोघेंनी तिचा हात धरला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा अहवालाकडे वळत होती.

“एक विचारू? तिच्या रक्तात जी प्रतिपिंडं झालीत, म्हणजे गोंदाला नेमके धरणारे रेणू, तितकी तेज आम्हाला उंदरांत कधी मिळाली नाहीत. दर महिन्याला थोडं रक्त द्याल? बाकीच्या मुलांची दुरुस्ती नीट झाली का, ते त्यावर तपासता येईल.”

“बाकीच्या मुलांची!”

“आणि कदाचित उद्या उपाय निघाला, तर पहिलं नाव शार्वीचं.”

त्या एका ‘कदाचित’वर कांचनने सही केली.

शार्वीला मात्र कोणी काही सांगितलं नाही. बोलावणं आलं म्हणून ती नवा फ्रॉक घालून आली, टेबलावर चढली आणि आपणहून हात पुढे केला.

“आई, आता मी सायकल शिकणार ना?”

“हो,” कांचन म्हणाली आणि तिचा दंड घट्ट धरला.

सुई काढल्यावर रक्त सव्वा तास वाहत होतं. मोघेंनी तेही नळीत धरलं.