वासरापासून शिंगरापर्यंत

पहिल्याच भेटीत तो माझ्यावर खेकसला.

"मीठ आणलंत? द्या इकडे, लवकर!"

जनावरांच्या दवाखान्यामागचा गोठा. ओल्या पेंढ्याचा वास, कोपऱ्यात थरथरणारं नुकतंच जन्मलेलं वासरू आणि त्याच्याकडे पाठ फिरवून उभी असलेली गाय. मी दारातच, नव्या चपला सांभाळत. डॉक्टरला वाटलं, मालकिणीची मुलगी मीठ घेऊन आली.

"मी... शब्दकोशातून आलेय," मी म्हटलं.

"शब्दकोशातून? मग परत आत कशा जाणार?"

अस्सा राग आला म्हणून सांगू! पण हसूही आलं.

आमच्या संपादकांना आम्ही नियमबुवा म्हणतो. त्यांचा एकच नियम— डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशाचाही अर्थ लिहायचा नाही. कोशाचे आधीचे खंड छापून झाले होते, 'व' माझ्याकडे होता आणि 'वासरू'पाशी माझं घोडं अडलं होतं. जन्म तिसऱ्या मजल्यावर गेलेला, वासरू बघितलं ते चित्रात!

तेवढ्यात खरी मुलगी मीठ घेऊन आली. त्याने बाह्या सरसावल्या आणि वासराच्या पाठीवर मीठ चोळलं, इतक्या हळुवारपणे की मी चपला विसरून पेंढ्यात शिरले. "बाई गं, बघ तरी एकदा," तो गाईला समजावत होता. गाय वळली. हुंगलं. मिठासाठी एकदा चाटलं... आणि मग चाटतच राहिली.

"एकदा चाटलं की तिला ते आपलं वाटतं," हात धुता धुता तो म्हणाला. "आता तुमच्या कोशातलं वासरू सांगा."

"वासरू आलं 'वत्स'वरून. आणि वत्स, जाणकार म्हणतात, वर्षावरून. संवत्सरातला वत्सर आहे ना, त्याच घरातला. म्हणजे वर्षाचं पिल्लू."

"आणि?"

"वत्सावरून वत्सल. त्यावरून वात्सल्य."

नळ तसाच वाहत राहिला. "म्हणजे जगातल्या सगळ्या आयांच्या मायेचं हे नाव... गोठ्यातून आलं? अहो, मग एवढं हळू काय सांगता!"

आणि त्याने खरंच जाऊन ते गाईला सांगितलं. माझं आता काही खरं नाही, हे मला तिथेच कळलं.

वासरू झालं, काम संपलं. पण मन कुठलं ऐकतंय! मग मी 'करडू बघायचंय' म्हणून गेले, 'कोकरू राहिलंय' म्हणून गेले. कधी त्याचाच फोन यायचा, "कोशबाई, रेडकू झालंय, येताय?" आणि मी कानावरचं पेन तसंच ठेवून धावायची. काय माणूस होता! चावऱ्या कुत्र्याशीही अहो-जाहो करायचा.

पण 'व'नंतर 'श' आला. शिंगरू संपलं की पिल्लं संपली. परत यायला निमित्त उरणार नव्हतं आणि निमित्ताशिवाय यायची माझी छाती नव्हती.

संध्याकाळी कुंपणाला टेकून आम्ही घोडीच्या शिंगराची उभं राहायची धडपड बघत होतो.

"झालं बघून?" त्याने विचारलं.

"झालं." आवाज माझाच मला ओळखू येईना.

"करडू 'क'मध्ये येतं ना?"

"...हो."

"'क'चा छापलेला खंड माझ्या टेबलावर आहे. कधीचा."

माझे कान तापले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"करडाच्या वेळेपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर कोकरू बघायला आला असतात?"

मी कुंपणाची तार निरखत राहिले. तो म्हणाला, "'प'चाही खंड आहे. त्यात 'प्रेम' कुणी लिहिलंय?"

"मीच."

"बघून?"

"नाही... नियमबुवा रजेवर होते."

तो खळखळून हसला. मग म्हणाला, "तो अर्थ... दुरुस्त करायला हवा. मी मदत करीन म्हणतो."

"नव्या आवृत्तीला फार वर्षं लागतात हो."

"लागू देत की. तुम्ही मला फार आवडता. वर्षं लागली तर बरंच आहे."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. "मलाही," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून. गाईला सांगायला गेलात ना, तेव्हापासून."

शिंगरू पहिल्यांदा धावलं ते तेव्हाच म्हणे. मी काही ते बघितलं नाही, त्यामुळे ती नोंद अजून रखडलीय.