वाढीव फर्मा

रविवारी दुपारी तीन वाजले की त्या घरात बोलणं बंद होई. बाइंडर खिडकीजवळच्या मेजाशी, त्याची बायको सोफ्यावर पाय वर घेऊन आणि अक्का आपल्या खुर्चीत, अशी तिघं आपापलं पुस्तक घेऊन बसत. चार वाजता चहा येई आणि चहाबरोबर एकच प्रश्न फिरे, ‘कुठवर आलं?’ ज्यानं त्यानं आपण वाचलं तिथवरचं सांगायचं. पुढची पानं चाळून शेवट बघणं हा या घरात चोरीइतकाच गुन्हा होता. नियम अक्काचा होता. पस्तीस वर्षं तिनं शाळेत शिकवलं होतं आणि घरातही तिनं वर्ग कधी सोडला नव्हता.

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. तिला खुनाच्या कादंबऱ्या लागत, आणि खुनी कोण ते तिला दुसऱ्याच प्रकरणात कळे, निदान तिचं म्हणणं तसं होतं. बाइंडर दुरुस्तीला आलेलं काहीही वाचायचा. त्यातल्या निम्म्या पुस्तकांची मधली पानं गायब असत. त्यामुळं त्याच्या गोष्टीतला नायक एका वाक्यात बोटीवर चढे आणि पुढच्या वाक्यात त्याला तीन मुलं झालेली असत. अक्काची हसून हसून पुरेवाट व्हायची.

अक्का त्याची मोठी बहीण, बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि त्यानंतर त्याला जे काही मिळालं ते अक्काच्या हातून. अजूनही ती त्याला ‘धाकट्या’ म्हणायची आणि पन्नाशीतल्या त्या टकलू माणसाला त्यात काही वावगं वाटत नसे. दोन वर्षांपूर्वी तिची नजर गेली. तेव्हापासून रविवारचा तो तास ती नुसती बसून राही आणि बाकीच्यांचं ऐके.

उन्हाळा संपता संपता एका रविवारी ती म्हणाली, “रिकाम्या हातांनी बसवत नाही रे. मलाही दे काहीतरी.”

तीन वाजायला आले होते. बाइंडरनं हाताला लागली ती डमी तिला दिली. छपाईआधी पुस्तक किती जाड होईल ते दाखवायला कोऱ्या कागदाची एक प्रत बांधतात, तिला डमी म्हणतात. दुसऱ्यांची पुस्तकं द्यायची नाहीत, आणि अक्काला दिसत तर नाहीच, मग कोरं काय नि छापलेलं काय, असा त्यानं हिशेब केला. पुस्तक तिच्या हातात पडलं मात्र, त्याला लाज वाटली. पण तेव्हा तो बोलला नाही, आणि असल्या गोष्टी वेळेवर बोलल्या नाहीत तर पुढं बोलवतच नाहीत.

चार वाजता बायको सवयीनं विचारून गेली, “अक्का, कुठवर आलं?” आणि तिनं जीभ चावली.

“सोळाव्या पानावर,” अक्का म्हणाली. मग तिनं सांगायला सुरुवात केली. एक मुलगी होती, तिला पुढच्या वर्षीही पुरतील म्हणून दोन बोटं मोठे बूट घेतलेले, आणि ती कागदाचे बोळे कोंबून ते घालायची. गोष्ट साधी होती. बायको चहा प्यायची विसरली.

“मनानं रचतायत, पण काय सुरेख!” ती नंतर स्वयंपाकघरात म्हणाली. बाइंडरलाही बरं वाटलं.

पुढच्या रविवारी अक्का बत्तीसाव्या पानावर होती, त्याच्या पुढच्या रविवारी अठ्ठेचाळीसाव्या. ही गोष्ट फक्त बाइंडरला खटकली. मोठा कागद दुमडून सोळा पानांची एक घडी होते, तिला फर्मा म्हणतात, आणि असे फर्मे एकावर एक शिवून पुस्तक होतं. अक्का दर रविवारी बरोबर एक फर्मा वाचत होती. फर्मा कुठं संपतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

चौथ्या सोमवारी त्यानं डमी उघडून पाहिली. पानं कोरीच होती. पण वाचून झालेल्या चार फर्म्यांचे कोपरे मऊ पडले होते, कडा काळवंडल्या होत्या. तीस वर्षं वाचनालयांची पुस्तकं हाताळलेल्या माणसाला ही झीज किती वर्षांची ते बोट लावताच कळतं. हे कोपरे शंभर हातांखालून गेलेले होते. पाचव्या फर्म्यापासून कागद करकरीत नवा होता.

त्यानं पुस्तक मिटलं आणि खळ शिजवायला ठेवली. कामं पडली होती.

गोष्टीतली मुलगी मोठी झाली. तिची आई गेली, ती शिक्षिका झाली. धाकट्या भावाला ताप आला तेव्हा ती तीन रात्री जागली आणि चौथ्या दिवशी वर्गात खडू हातात धरून उभ्याउभ्या झोपली. बाइंडरला त्या तापाची आठवण होती, खडूचं ठाऊक नव्हतं. हे कुणाचं चाललंय ते आता तिघांनाही कळत होतं, पण अक्का ‘ही बाई’ म्हणायची म्हणून बाकीची दोघंही ‘ही बाई’च म्हणत.

झाडं पिवळी पडली तेव्हा अक्काला धाप लागू लागली. डॉक्टर घरी येऊन गेले. “हृदय थकलंय. थंडी पडेपर्यंत बघू,” असं ते दाराबाहेर हलक्या आवाजात म्हणाले. बायकोनं गोळ्यांच्या डबीतले आठवड्याचे खण भरले. बाइंडर आत गेला आणि त्यानं डमीचे न वाचलेले फर्मे मोजले. बारापैकी तीन उरले होते. आपण हे का मोजतोय, असा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही.

दहाव्या रविवारी अक्का हसत म्हणाली, “आज मजा आहे. या बाईची नजर जाते, तर भाऊ तिला चक्क कोरं पुस्तक देतो. आणि त्याला वाटतं, हिला काही कळलं नाही.”

बाइंडरचे कान लाल झाले. “मग ती रागावत नाही?”

“कशाला रागावेल? तिला हवं होतं तेच मिळालं की.”

अकराव्या रविवारी तिचा आवाज इतका खाली गेला की दोघांना तिच्याजवळ सरकावं लागलं. “बाई दमलीय रे,” ती म्हणाली. “पण शेवट बरा असणार. आता थोडीच पानं आहेत, बोटांना कळतं.”

अक्का जाणार, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा खरं वाटलं आणि तो घाबरला. लहानपणी बाजारात तिचा हात सुटला होता तेव्हा घाबरला होता तसाच.

शनिवारी दुपारी त्यानं डमी आपल्या बाइंडिंगच्या कारखान्यात नेली, पुठ्ठा सोडवला, त्याच कागदाचा एक फर्मा दुमडला आणि शेवटी शिवून टाकला. यात अंधश्रद्धा कसली, असं त्यानं मनाशी म्हटलं. सोळा कोरी पानं, त्यानं कुणाचं काय बिघडणार!

दुसऱ्या दिवशी अक्कानं बारावा फर्मा वाचला. शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं, मग पुढं सरकलं आणि पुन्हा थांबलं.

“अजून आहे?” ती म्हणाली. “मला वाटलं, इथं संपलं. वाक्य तर संपलंय.”

अक्कानं पुस्तक मिटलं. त्या आठवड्यात ती दोन वेळा व्यवस्थित जेवली आणि बुधवारी जिन्यापर्यंत चालत गेली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पुन्हा पाहिली आणि “छान, छान” म्हणून निघून गेले. बाइंडरनं तो आठवडा शीळ घालत काम केलं.

तेराव्या रविवारी चहा आला तरी अक्का गप्प होती.

“कुठवर आलं?” त्यानंच विचारलं.

“हे निराळंच आहे,” ती सावकाश म्हणाली. “यात ती बाई नाही. दुसरीच एक आहे. बसथांब्यावर बसलीय, मांडीवर बॅग. किती बसगाड्या गेल्या, हिला कुणी चढवून घेतलं नाही. फार दिवस बसली असावी. आता एक थांबलीय.”

“मग?”

“मग पान संपलं.”

त्यानं आणखी एक फर्मा घातला. अक्काच्या गालांवर रंग आला होता, आणि ज्याची बहीण परत येतेय तो माणूस असल्या बारीकसारीक गोष्टींत पडत नाही. फक्त रविवारी सकाळी, ती अंघोळीला गेली असताना, त्यानं सहज पुस्तक उघडलं. काल दुपारी शिवलेला फर्मा. अक्कानं त्याला अजून हातही लावला नव्हता. तरी त्याच्या शेवटच्या पानांचे कोपरे मऊ झाले होते. झीज मागून पुढं येत होती.

त्यानं बोट लावून पुन्हा पाहिलं. नळ बंद झाल्याचा आवाज आला तेव्हा त्यानं पुस्तक जागेवर ठेवलं.

त्या दुपारी अक्कानं सांगितलं, की बॅगवाली बाई बसमधून उतरली. रस्त्याला दोन्हीकडून झाडं आहेत, पानं झाडायला माणूस आलेला नाही. कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे, रविवार म्हणून बंद. तिनं काचेतून आत डोकावून पाहिलं.

“आमचंच की!” बायको हसली. मग तिनं कप खाली ठेवला.

त्यानं अजून एक फर्मा घातला, आणि त्याच्या पुढच्या रविवारी बाई जिने चढत होती. अक्का पायऱ्या मोजून सांगत होती. पहिल्या मजल्याच्या तेरा, दुसऱ्याच्या तेरा, मग वळणावरची एक फुटकी. शेवटी ती म्हणाली, “दारापाशी आली. बॅग खाली ठेवलीय. आत कुणीतरी वाचतंय, ते ऐकत उभी आहे.”

दाराकडे तिघांपैकी कुणीच पाहिलं नाही.

बायको कप घेऊन आत गेली तेव्हा अक्कानं हात पुढं केला. बाइंडरनं तो धरला. हात ऊबदार होता, महिन्यापूर्वी असा नव्हता.

“धाकट्या, किती पानं घालणार आहेस?”

त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या मांडीवरचं पुस्तक मिटलं.

“माझं संपलंय रे. तिथंच संपलं, छान संपलं. हे मी दुसऱ्या कुणाचं तरी वाचतेय.”

“तू बरी होतेयस, अक्का. डॉक्टर म्हणाले.”

“खिडकीकडे तोंड केलेली खुर्ची एकच आहे या खोलीत,” अक्का म्हणाली. “ती आत आली की मला उठावं लागेल. बस कर आता. माझं ऐक.”

आयुष्यात त्यानं अक्काचं ऐकलं नाही, असं फारसं घडलेलं नव्हतं.

आठवडाभर तो पुस्तकाकडे फिरकला नाही. शुक्रवारी तिला धाप लागली. शनिवारी सकाळी तिचे ओठ निळसर दिसले. बायकोनं डॉक्टरांना फोन लावला आणि बाइंडर पुस्तक बगलेत मारून कारखान्यात पळाला. या वेळी त्यानं एक नाही, सहा फर्मे दुमडले. एकही टाका चुकला नाही. दोरा दुहेरी घेतला, मेण लावलं, गाठी मारल्या, कण्यावर कापड चिकटवलं. ती असू दे, एवढंच तो म्हणत होता. कशीही असू दे.

तो परतला तेव्हा डॉक्टर बॅग आवरत होते. “कमाल आहे,” ते म्हणाले. “आपोआप सावरल्या.”

रविवार उजाडला तो स्वच्छ. तीन वाजता तिघं बसली. रस्त्यावर कुणीतरी वाळकी पानं झाडत होतं, त्याचा खराटा लयीत वाजत होता.

बाइंडरच्या हातात पुस्तक होतं, पण तो अक्काकडे पाहत होता. ती ताठ बसली होती. पान उलटत होती.

आज तिचं बोट पानावरून फिरत नव्हतं.

चार वाजले. बायकोनं चहा आणला. “अक्का, कुठवर आलं?”

“आले आत,” ती म्हणाली. आवाज अक्काचाच होता.

तिनं मान वर केली. दोन वर्षं तिची नजर त्याच्या कानाच्या बाजूला कुठंतरी पडायची. आज ती सरळ त्याच्या चेहऱ्यावर आली आणि तिथं थांबली. अनोळखी माणसाला आपण पाहतो तसं तिनं त्याला नीट, नम्रपणे पाहून घेतलं.

“अक्का,” तो म्हणाला. “अक्का, तुला दिसतंय?”

तिनं पुस्तकाच्या कण्यावरून अंगठा फिरवला.

“शिलाई फार पक्की आहे तुमची,” ती म्हणाली. “उसवायची नाही.”

बायको खुदकन हसली. “हे काय अक्का, धाकट्या भावाला अहो-जाहो?”

तीही हसली, आणि पान उलटता उलटता म्हणाली, “होईल सवय हळूहळू.”