टपालआंबा

वेंगुर्ल्यात त्या काळी ईमेल आंब्याच्या झाडात राहत. आलेली प्रत्येक मेल झाडाच्या पेशीपेशीतल्या गुणसूत्रांवर लिहिली जाई. पान खुडून वाचनयंत्रात घातलं की झालं. अशा झाडाला लोक टपालआंबा म्हणत. शेणखतापलीकडे त्याचं काही मागणं नसे.

मनोरमा गवसांच्या टपालआंब्यावर एका वैशाखात वीज कोसळली आणि त्याचा मुळापर्यंत कोळसा झाला. नवऱ्याची, अनंताची, इस्पितळातून आलेली शेवटची मेल त्यात होती. तीन वर्षं तिनं ती उघडलीच नव्हती. उघडली की त्याचं बोलणं संपलं, असं तिला वाटे. कलम बांधून परगावी लावून ठेव, असं तो शंभरदा सांगून गेला होता. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं: झाड काय पळून जातंय?

झाडाखाली रुजलेलं, विजेतून वाचलेलं एक रोप डब्यात घालून ती डॉक्टर तहसीन मुकादमांच्या प्रयोगशाळेत गेली.

"काकी, हे कोयीचं रोप," तहसीन म्हणाली. "कलम म्हणजे हुबेहूब नक्कल. कोयीत अर्धं आईचं उतरतं, अर्धं ज्याचा पराग आला त्या झाडाचं. तुमच्या मेलमधली अर्धी वाक्यं आहेत यात. उरलेलं शेजारच्या परबांचं टपाल आहे. ते मी झाकून ठेवलंय, त्यांना विचारल्याशिवाय उघडणार नाही."

"मगे अर्धा गेला?"

"दुसऱ्या कोयीत राहिलेलं सापडेल. चारपाच रोपं मिळाली तर जवळजवळ सगळं. तुमचे आंबे आणखी कुठे रुजलेत?"

मनोरमाचा चेहरा पडला. तिचे आंबे राजाराम परबांच्या आवारात पडत, आणि त्यावरूनच भांडण होऊन सात वर्षं अबोला होता.

तरी ती गेली. अडला हरी.

"वैनी, आज वाट चुकलास?" म्हणत परबांनी खुर्ची पुढे केली. तिनं सगळं सांगितलं. ते तिला कुंपणापाशी घेऊन गेले. तिच्या आंब्यांची पाच रोपं तिथं रुजली होती.

"उपटून टाकूची हुती. हात धजलो नाय," ते म्हणाले. "पानां न्हेवा. पण तेंच्यात माझीय पत्रां आसतली."

"माका ह्यांचा एक पत्र व्हया. बाकी कायएक वाचूचा नाय."

परबांनी स्वतःच पानं खुडून दिली.

मेल जुळली. पंप कुणाकडून दुरुस्त करून घ्यायचा, रक्तदाबाची गोळी कधी घ्यायची, एवढंच बहुतेक होतं. मनोरमा हसत हसत रडली. शेवटी 'आणि मनोरमे,' एवढं होतं. पुढची ओळ कोरी.

"हे वाक्य या रोपांत उतरलं नाही," तहसीन म्हणाली. "तुम्ही आंबे वाटलेत त्यांच्या परसात असेल. शोधूया?"

कुणी परका ते आपल्याआधी वाचेल, या विचारानं मनोरमा धास्तावली. अनंताचं सगळ्यात खासगी वाक्य, आणि कुणाच्या दारात उभं आहे कोण जाणे. मग तिला जाणवलं, त्याचं बोलणं अजून संपलेलं नाही.

"ऱ्हावंदे," ती म्हणाली. "रुजता आसा खयतरी."

घरी जाताना वाटेत दिसेल त्या आंब्याच्या रोपापाशी ती थांबत गेली.