परकीची कोठी

गुरुवारच्या बोटीतून उतरताना नेसा ड्रमंडचा चेहरा शिळ्या कोबीसारखा झाला होता. धक्क्यावर पाय टेकताच तिने दोरखंडाचा खुंट धरला आणि दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहिली.

"इथे येऊन चोरी करणाऱ्याचं मला कौतुक वाटतं," ती शेवटी म्हणाली. "मी असते तर बोटीतच सुधारले असते."

ऊना मॅकक्वीन हसली नाही. तिने खिशातून एक बंद पाकीट काढून दाखवलं. "तीन वाजता हीच बोट परत जाते. टपालात हे गेलं पाहिजे. तू फक्त पुरावा दे."

पाकिटावर विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाचं नाव होतं. तुमची विद्यार्थिनी रोवन टेट हिने माझ्या दिवंगत वडिलांच्या वहीतलं पान चोरलं आहे, असं आत लिहिलं होतं. हे पत्र पोचलं की रोवनचं शिक्षण संपलं, हे दोघींनाही कळत होतं.

"पुरावा देऊ, की चोर शोधून देऊ?"

"एकच आहे ते."

 हेलसाय बेटावर मोठी शाळा नसल्याने ऊना लहानपणी ओबन गावच्या वसतिगृहात राहिली होती, आणि पाच वर्षं नेसा तिच्या शेजारच्या खाटेवर झोपत होती. ऊना पुढे ग्लासगोला नर्स झाली. नेसाने विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडले, आणि आता ती स्वतःच खासगी तपासाची कामं घेत असे. ऊनाचा आवाज असा कोरडा झाला की तिला काहीतरी बोचतंय, हे नेसाला जुनं ठाऊक होतं.

"कोपराला रफू कुणी केलंय?" तिने ऊनाची बाही धरून विचारलं. "गाठ कुठे आहे याची?"

"आईने. लग्नाआधी ती कापडाच्या गिरणीत रफूगार होती. ती गाठ मारत नाही, दोरा परत फिरवून आत जिरवते. तुला रफू बघायला बोलावलं नाहीये मी."

चढावर एक म्हातारा गाडीवरून ओरडून गेला, परकीला सांग, दुकानात लोकर आलीय. परकी म्हणजे ऊनाची आई ग्रिझेल. ती दक्षिणेकडच्या सखल मुलखातून लग्न होऊन आली, त्याला बेचाळीस वर्षं झाली होती. बेटावर दुसरी परकी सून आलीच नाही, म्हणून ते नाव तिलाच चिकटून राहिलं.

वाटेत ऊनाने सगळं सांगितलं. तिचे वडील तोर्माद मासेमारी करत आणि उरलेल्या वेळात बेटावरची नावं गोळा करत. चाळीस वर्षांत चारशे बारा. बुडाल्या गाईची घळ, मिठाची खाच, नॉर्स सरदाराचा धक्का. जमीनदाराने मेंढ्यांसाठी उठवलेल्या वाडीचं नाव होतं बिनधुराची वाडी. प्रत्येक नावापुढे ते कुणाच्या तोंडून ऐकलं, हेही लिहिलेलं. जानेवारीत ते गेले. येत्या शनिवारी गावच्या सभागृहात त्या सगळ्या नावांचा नकाशा लागणार होता, शेजारी वही उघडी ठेवायची होती, आणि नकाशा काढत होती रोवन.

"तीन उन्हाळे बाबा तिला घेऊन डोंगरावर हिंडले," ऊना म्हणाली. "मला दर आठवड्याला पत्र यायचं. हवा कशी, मेंढ्या किती, कोण गेलं. एक नाव कधी लिहिलं नाही मला."

वही स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या खणात असे. गेल्या शुक्रवारी ऊनाने ती चाळली तेव्हा सगळी पानं होती. शनिवारी रोवन येऊन गेली, रविवारी प्रार्थनेनंतर लाखी नावाचा म्हातारा कोळी भेटून गेला. सोमवारी पाहिलं तर नववं पान नव्हतं.

ग्रिझेल उंच आणि सरळ पाठीची होती. तिने नेसापुढे रस्सा आणि ओटची भाकरी ठेवली, प्रवास कसा झाला विचारलं, आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

वही जाड होती. सगळे कागद मधोमध दुमडून एकाच दोऱ्याने शिवलेले. नेसाने कापलेली कड खिडकीशी धरली. एका सरळ रेषेत कापलं नव्हतं. लहानशा कात्रीने बारीक बारीक घेत, थेट शिवणीपर्यंत. मग ती शेवटाकडची पानं उलटत गेली आणि एका ठिकाणी थांबली. एक पान तपकिरी लोकरीच्या चार टाक्यांनी वहीला जोडलेलं होतं.

"हे तुझ्या वडिलांनी?"

"असेल. जाळी, शिडं, सगळं तेच शिवायचे."

त्या पानावर एकच ओळ होती. 'आपलं धुराडं खिंडीत बसेपर्यंत.'

"अर्थ काय?"

ऊनाने खांदे उडवले. शेवटी शेवटी ते काहीबाही लिहीत असत.

नेसाने चुलीतली काजळी बोटावर घेतली आणि दहाव्या पानावर हलकेच फिरवली. तोर्माद सुताराची पेन्सिल वापरत आणि ती दाबून लिहीत. काळ्यावर पांढऱ्या, तुटक ओळी उमटल्या. 'मार्सलीची खिडकी... अंधार पडता पडता... दिवा खांद्यावर येईपर्यंत थांबायचं.'

ग्रिझेलने पळी खाली ठेवली आणि कोंबड्यांना दाणे घालायला बाहेर गेली.

ऊनाचे कान तापले होते. मार्सली म्हणजे खाडीपलीकडची अविवाहित बाई. तोर्माद तिच्याशीच लग्न करणार, असं एके काळी सगळं बेट धरून चाललं होतं. "बघितलंस?" ती हळूच म्हणाली. "रोवनला प्रबंधात मसाला हवा होता. तो मिळाला."

सभागृहात रोवन नकाशावर वाकलेली होती. केस लाल, बोटं शाईने काळी, डोक्यावर तोर्मादची लोकरी टोपी. ऊना त्या टोपीकडेच बघत राहिली. नेसाने बरेच प्रश्न विचारले आणि रोवनने सरळ उत्तरं दिली. शाई खरवडायला ती वस्तऱ्याचं पातं वापरते, कात्री तिच्याकडे नाही. वहीचे फोटो तिने पहिल्याच उन्हाळ्यात काढून ठेवलेत, फक्त समुद्राची पानं सोडून.

"ती का सोडली?"

"त्यांनी काढू दिली नाहीत. पानावर पंजा ठेवायचे." रोवनने ऊनाकडे पाहिलं. "म्हणायचे, ही ऊनाची आहेत. ती घरी आली की तिला देईन."

बाहेर आल्यावर ऊना म्हणाली, ही धडधडीत खोटं बोलते. नेसा म्हणाली, खोटं बोलणारी माणसं आपल्याला आवडेल असं खोटं बोलतात, आणि तुझा चेहरा तर कुणी थोबाडीत मारल्यासारखा झालाय.

लाखी उतारावर बोटीच्या शेजारी बसून मासे साफ करत होता. हातातली सुरी वीतभर लांब होती.

"मी चोरी करायची तर चाळीस वर्षांपूर्वी केली असती," तो म्हणाला. "त्याची ती कोठी, म्हणजे समुद्रातली मासे भरलेली जागा, सापडावी म्हणून तीस वर्षं त्याच्या बोटीमागे हिंडलो. पोराएवढे मासे आणायचा तिथून. मी दिसलो की दिवा विझवून वळायचा, हरामखोर. देव त्याला शांती देवो."

कोठी कुठली, तिचं पूर्ण नाव काय, नेसाने विचारलं.

"ते जमिनीवर घेत नाहीत. समुद्रातल्या जागांची नावं बोटीत बसूनच घ्यायची, नाहीतर मासा रुसतो. आणि कागदावर नाव कधीच नाही. खुणा लिहिल्याच कुणी, तर अर्ध्या इथे, अर्ध्या तिथे. माझ्या बापाने आमच्या जागेची एक खूण मला सांगितली, एक माझ्या भावाला. भाऊ गेला कॅनडाला. आता मी अर्ध्या खुणेवर उपाशी." तो खदखदून हसला. "एका खुणेचा उपयोग काय, बाई? एका खुणेवर माणूस नॉर्वेपर्यंत जाईल."

"बायकोला नाही सांगत?"

"बायकोला भाऊ असतात."

मार्सलीच्या घराला पश्चिमेकडे एकच खिडकी होती आणि तिला पडदा नव्हता. मार्सलीने त्यांना बसा म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही. तोर्माद दर शुक्रवारी दाराशी एक मासा ठेवून जाई, ती म्हणाली. बदल्यात एकच मागणं होतं. हिवाळ्यात अंधार पडायच्या आत या खिडकीत दिवा लावायचा, आणि पडदा ओढायचा नाही.

"का, ते विचारलं नाहीत?"

"कोळ्याची मुलगी आहे मी. आम्ही विचारत नाही." मग तिने खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला. "पहिली दोन वर्षं वाटायचं, माझ्यासाठी म्हणून सांगितलं असेल. मूर्खपणा. परकीने बेचाळीस वर्षांत या उंबऱ्याला पाय लावला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही लावला नसता."

दोघी परत निघाल्या. सभागृहावरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते.

"पत्र टाकू ना?" तिने विचारलं.

"आधी घरी चल," नेसा म्हणाली.

ग्रिझेल टेबलाशी सोलायचे बटाटे घेऊन बसली होती. नेसाने वही तिच्यासमोर ठेवली आणि खुर्ची ओढली.

"ऊना, तुला रोवन चोर हवी होती, म्हणून तू वहीकडे बघितलंच नाहीस. रोवनजवळ पातं आहे. तिने कापलं असतं तर एका ओढीत, सरळ. लाखीच्या सुरीनेही तसंच. हे कापलंय शिवणकामाच्या कात्रीने. आता ही वही बघ. नववं पान आणि शेवटून नववं पान, हा एकच दुमडलेला कागद. पुढचं अर्धं शिवणीपर्यंत कापलं की मागचं अर्धं सुटतं. चोराने ते सुटू दिलं नाही. बसून चार टाके घातले."

"बाबांनी..."

"तुझे बाबा जाळी विणायचे. जाळं म्हणजे नुसत्या गाठी. या टाक्यांना गाठच नाही. दोरा फिरवून आत जिरवलाय."

ऊनाने नकळत स्वतःच्या कोपरावर हात ठेवला.

"आणि जोडलेल्या पानावर काय आहे? आपलं धुराडं खिंडीत बसेपर्यंत. ही दुसरी खूण आहे. कापलेल्या पानावर पहिली. लाखीला जागा हवी असती तर त्याने दोन्ही पानं नेली असती. इथला कुठलाही कोळी तेच करेल. ज्याने एक कापून दुसरं सांभाळलं, त्याला या खुणा आहेत हेच माहीत नव्हतं. त्याने वाचलं ते एवढंच, की मार्सलीच्या खिडकीतला दिवा बघत थांबायचं. आणि शनिवारी वही सभागृहात उघडी ठेवली तर ते सगळं गाव वाचणार."

बटाट्याचं साल तुटून खाली पडलं. ग्रिझेलने सुरी पुसून बाजूला ठेवली. मग उठून चहाच्या डब्याखालून घडी केलेलं पान काढलं.

"जाळणार होते," ती म्हणाली. "त्याचं अक्षर आहे. हात होईना."

"आई, मी त्या मुलीला..." ऊनाचा हात खिशाकडे गेला. पाकीट खिशात टोचत होतं.

"मी तुला पत्र लिहिताना पाहत होते. आज बोट सुटायच्या आत सांगणार होते. काल पण तेच ठरवलं होतं." ग्रिझेल बसली. "गेल्या शनिवारी ते पान दिसलं, आणि वाटलं, मेल्यावर तरी हा माणूस माझा असावा."

नेसाने दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि सावकाश समजावलं. बोट नेत जायची, मार्सलीचा दिवा काळ्या खडकाच्या खांद्यावर दिसेपर्यंत. मग त्याच रेषेत सरकायचं, या घराचं धुराडं डोंगराच्या खिंडीत बसेपर्यंत. दोन रेषा जिथे छेदतात तिथे गळ टाकायचा. त्या बाजूला खिडकी होती ती एकच, म्हणून तिचा दिवा. दुसरं काही नाही.

"बेचाळीस वर्षं मला सांगितलं नाही."

"तुम्हाला भाऊ आहेत?"

"तीन. गिरणीत आहेत. एकालाही पोहता येत नाही."

कुणीच हसलं नाही. मग ग्रिझेलच हसली, थोडीशी, आणि पदराने नाक पुसावं तसं ॲप्रनने पुसलं.

तीनला दहा मिनिटं असताना नेसा दोघींना उतारावर घेऊन आली. तिने लाखीला कोठीचं पूर्ण नाव विचारलं. लाखीने मान हलवली. तिने बोटीकडे बोट दाखवलं. तो कुरकुरत बोटीत चढला, वल्ह्याने बोट हातभर पाण्यात लोटली, आणि काठावर उभ्या असलेल्या ग्रिझेलला पाहून त्याने टोपी काढली.

"परकीची कोठी," तो म्हणाला. "तुमच्या लग्नाच्या वर्षी ठेवलं त्याने. सगळ्या बोटींना ठाऊक आहे. मला वाटलं, तुम्हालाही असेल."

ग्रिझेल पाण्याकडे बघत उभी राहिली. लाखी टोपी हातात धरून तसाच बसला होता.

मोठी बोट भोंगा वाजवत होती. टपालाच्या माणसाने ऊनाला विचारलं, काही द्यायचंय का. ती नाही म्हणाली आणि पाकीट खिशातच फाडलं. नेसा फळीवर चढली तेव्हाच हिरवट व्हायला लागली होती.

ऊना तिथून सभागृहात गेली. रोवनने तिला पाहताच टोपी काढून पुढे केली. ऊनाने ती घेतली, क्षणभर हातात धरली, आणि परत तिच्या डोक्यावर ठेवली.

"राहू दे. इथे गारठा असतो. तुझ्याबद्दल मी एक वाईट पत्र लिहिलं होतं. ते आता नाहीये." थोडं थांबून ती म्हणाली, "ही ऊनाची, असं म्हणताना ते कसे म्हणायचे?"

शनिवारी नकाशा लागला. सगळं बेट रांगेत येऊन आपापली घळ, आपापलं टेकाड बोटाने दाखवत होतं. ग्रिझेल नकाशाच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात, नुसत्या समुद्रापुढे उभी होती. मार्सली तिच्या शेजारी येऊन थांबली. आदल्या दिवशी, शुक्रवारी, तिच्या दाराशी फडक्यात गुंडाळलेला एक मासा आला होता, आणि आणणारी उंबऱ्याच्या आत येऊन बसली होती.

"इथे तर काहीच लिहिलेलं नाही," मार्सली म्हणाली.

"नाही," ग्रिझेल म्हणाली. "ते आपण लिहीत नाही."