डिशवॉशरची बारीक शिट्टी

त्याने बेल वाजवली नाही. दारावर दोनदा टकटक केली आणि तिने दार उघडताच म्हणाला, "पत्ता शोधावा लागला नाही. आवाज जिन्यातच भेटला."

आवाज होताच तसा. स्वयंपाकघरातला डिशवॉशर सकाळपासून असा खडखडत होता की खिळ्यांचा डबा कुणी जिन्यावरून सोडून दिलाय असं वाटावं. हा डिशवॉशर तिच्या दादाने आईचे गुडघे दुखतात म्हणून घेऊन दिला होता. आईने मात्र ते मनाला लावून घेतलं होतं. इतकी वर्षं मी घासलेल्या भांड्यांना काय झालं होतं, असं तिचं म्हणणं. मशीनचा काय भरवसा म्हणून ती प्रत्येक भांडं आधी स्वतः लख्ख घासायची आणि मगच आत ठेवायची. आत मशीन नेमकं काय धूत होतं, ते त्यालाच ठाऊक.

मेकॅनिकने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. एक लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक मशीनच्या दाराला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले.

ती बघत राहिली. ती इस्पितळात लोकांचे कान तपासायची. काचेच्या खोलीत माणूस बसवायचा, त्याच्या कानात बारीक-मोठे आवाज सोडायचे आणि त्याला कोणते ऐकू येतात ते आलेखावर मांडायचं, हे काम ती आठ वर्षं करत होती. ऐकणारी माणसं बघण्यातच तिचा दिवस जायचा, आणि त्यातल्या एकाचंही तिला कधी काही वाटलं नव्हतं. ह्याचं वाटलं. ते तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून ती उगाचच खिडकी लावायला गेली.

"सापडला," तो म्हणाला. मशीन उघडून, तळाशी कोपरापर्यंत हात घालून त्याने पांढऱ्या चिनी मातीचा एक तुकडा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. कपाचा कान होता. तुटून पंपात जाऊन बसला होता.

"तो कप कधीचा शोधतेय मी," आई म्हणाली. तो तिच्याच हातून फुटला होता, पण हे तिने मशीनसमोर कबूल केलं नाही.

मशीन पुन्हा सुरू झालं. खडखड गेली होती. पण पाणी आत येऊ लागलं तशी तिला एक बारीक शिट्टी ऐकू आली... अगदी बारीक, दोन मिनिटं टिकलेली, मग बंद. तिने तसं सांगितलं. मेकॅनिकने पुन्हा स्क्रूड्रायव्हर टेकवला, पुढच्या वेळी पाणी भरेपर्यंत थांबला, ऐकलं, आणि हसून तिच्याकडे पाहिलं. "मला तर नाही आली."

"मलाही नाही," आई म्हणाली.

कंपनीच्या कामाच्या कागदावर खाली दोन चौकटी होत्या. 'तक्रार शिल्लक आहे' आणि 'तक्रार शिल्लक नाही'. 'आहे'वर खूण केली की आठ दिवसांच्या आत तोच मेकॅनिक पुन्हा येणार, असा कंपनीचा नियम होता. तिने 'आहे'वर खूण केली. शिट्टी होती म्हणून केली. त्यात दुसरं काही नव्हतं, निदान त्या दिवशी तरी.

दुसऱ्या खेपेला त्याने मशीनचे पाय समतल केले, खाली रबर घातलं, होते नव्हते ते सगळे स्क्रू आवळले. शिट्टी होती तशीच होती. आईने चहा केला. चहा पिताना तो कारखान्यातल्या गमती सांगत होता. ह्या नोकरीच्या आधी दहा वर्षं त्याने पत्र्याच्या कारखान्यात काढली होती. ती बोलू लागली की मात्र तो गप्प व्हायचा आणि तिच्या ओठांकडे बघत राहायचा. टक लावून. एक अक्षरसुद्धा सांडू नये अशा बेताने. तिच्याकडे असं कुणी आजवर बघितलं नव्हतं. इस्पितळात तिच्या बोलण्याकडे लोक लक्ष देत, पण ते निकाल ऐकण्यापुरतं.

"आवाजबिवाज काही नाही," तो गेल्यावर आई म्हणाली. "मुलगा चांगला आहे. सरळ सांगून टाक ना."

"आई, आवाज आहे."

"हो, आहे ना," आई म्हणाली, आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

तिसऱ्या खेपेच्या दिवशी तिने ओठांना काहीतरी लावलं. आईने ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली, म्हणजे तिने पाहिलंच.

त्या दुपारी तो म्हणाला, अख्खी धुलाई सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकतो, मग तर सापडेल. दीड तास. दोन स्टुलं मशीनसमोर मांडून दोघं बसली. आत पाणी भांड्यांवर आपटत होतं, बंद खिडकीबाहेर पाऊस पडावा तसं. मधे दोनदा शिट्टी वाजली. दोन्ही वेळा तिने बोट वर केलं, दोन्ही वेळा त्याने मान हलवली.

"तुम्हाला खरंच येते ऐकू?" त्याने विचारलं.

"खरंच येते."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत हसू होतं. "तुम्ही म्हणता तर असेल. मी दर आठवड्याला यायला तयार आहे."

"दर आठवड्याला? कंपनी काय म्हणेल?"

"म्हणेल, मेकॅनिक बिनकामाचा आहे. पण चिकाटीचा आहे."

ती हसली. मग तो मशीनकडे पाठ करून तिला काहीतरी सांगू लागला. त्याच्या पाठीमागे धुलाई संपली आणि मशीनने चार वेळा पीं पीं केलं, शेजारच्या घरात जाईल एवढ्या मोठ्याने. तो बोलतच राहिला. गोष्ट संपवून म्हणाला, "अजून किती वेळ आहे हो?"

तिने मशीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बेल असताना दारावर टकटक... कारण बेल वाजली की नाही हे त्याला बाहेर कळत नव्हतं. पत्र्याचा कारखाना, दहा वर्षं. सापडत नसलेली शिट्टी. आणि ओठ. तो तिच्या ओठांकडे का बघत होता हे तिला आता कळलं. सुटलेली अक्षरं तो तिथून गोळा करत होता. इस्पितळात असं बघणारी माणसं तिच्यासमोर रोज बसत, आणि तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात तिला ते ओळखता आलं नव्हतं. तिला वाईट वाटलं. इतकं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं.

खात्री करून घ्यायची एक साधी रीत असते. माणसाला आपलं तोंड दिसू द्यायचं नाही आणि नेहमीपेक्षा जरा हळू बोलायचं. ती उठली, बेसिनकडे तोंड करून उभी राहिली आणि नळाकडे बघत म्हणाली, "तुम्ही येता ते मला आवडतं."

वाक्य कुठलंही चाललं असतं. तिने हे निवडलं.

मागून काही उत्तर आलं नाही. तिने वळून बघितलं, तर तो शांतपणे पिशवीत पाने भरत होता.

आता काय करायचं हे तिला ठरवायचं होतं. कागदावर 'नाही'ची खूण केली असती तर तो हसत गेला असता आणि त्याचा कान वर्षागणिक आणखी गेला असता. सांगितलं तर, आवाजावरून बिघाड शोधणाऱ्या माणसाला तुला आवाज येत नाही असं तोंडावर सांगायचं होतं. मग तो पुन्हा कशाला येईल? आणि तो पुन्हा यायला हवा होता. एवढं ती स्वतःशी तरी कबूल करून बसली होती.

तिने सांगितलं. त्याच्यासमोर बसून, ओठ नीट दिसतील असं बघून, इस्पितळात सांगते त्याच आवाजात. मशीनची पीं पीं सांगितली, टकटक सांगितली, कारखाना सांगितला. त्याने मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे शिट्टी खरंच आहे," तो शेवटी म्हणाला.

"आहे."

"मला वाटलं..." तो थांबला. कान लाल झाले होते. "मला वाटलं, नाहीये. तुम्ही मला बोलवायला निमित्त काढताय. मी दोन बस बदलून येत होतो, नसलेल्या आवाजाचे स्क्रू आवळायला. खूश होऊन येत होतो."

ह्यावर तिने काहीतरी बोलायला हवं होतं. पण असं काही सांगायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. दोन्ही चौकटी कोऱ्याच ठेवून तिने कागदाच्या मागे इस्पितळाच्या खोलीचा नंबर लिहून दिला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला, आईला येतो म्हणून सांगितलं आणि गेला. ओठांना लावलेलं तिने पुसून टाकलं.

दहा दिवस काही नाही. घरात शिट्टी वाजत राहिली आणि ती ऐकत राहिली. आईने एकदाही विषय काढला नाही, आणि आईचं न बोलणं बोलण्यापेक्षा जड जायचं.

अकराव्या दिवशी इस्पितळातल्या रांगेत, आजोबा-आजींच्या मधे, तो टोकन घेऊन बसला होता. काचेच्या खोलीत तो अंग चोरून बसला. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं होतं. जाड आवाजांना त्याने चटाचट दाबलं, मधल्यांना दाबलं, आणि मग बारीक आवाज सुरू झाले तसा तो नुसता काचेपलीकडून तिच्याकडे बघत राहिला. बटणावरचा अंगठा तयार होता. आवाज जातच होते. तिने नजर खाली आलेखाकडे वळवली.

"हा बघा," नंतर तिने दाखवलं. "इथपर्यंत सरळ रस्ता आहे. इथे खड्डा."

"बुजवता येतो?"

"नाही. पण कानात यंत्र घातलं की वरून पलीकडे जाता येतं."

"बहिऱ्या मेकॅनिकला कोण ठेवेल?"

"तुम्ही बहिरे नाही. एक पट्टी तेवढी येत नाही."

"आणि ती नेमकी तुमच्या मशीनची निघाली," तो म्हणाला. मग आलेखाकडे बघत हळूच म्हणाला, "तुमच्या बोलण्यातलीही जाते त्यात. म्हणून बघत होतो मी तोंडाकडे. तुम्हाला विचित्र वाटलं असेल."

"नाही," ती म्हणाली. बाहेर पुढचं टोकन पुकारलं गेलं, आणि त्याला उठावं लागलं.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, घराची बेल वाजली. तिने दार उघडेपर्यंत आणखी दोनदा वाजली. दारात तो उभा होता, बोट अजून बटणावरच. दोन्ही कानांमागे तांदळाच्या चार दाण्यांएवढं काहीतरी होतं.

"माफ करा," तो म्हणाला. "अशी वाजते हे माहीतच नव्हतं."

स्वयंपाकघरात गेल्या गेल्या त्याने मशीन सुरू केलं. स्क्रूड्रायव्हर पिशवीतच राहिला. पाणी आत येऊ लागलं आणि त्याचा हात वर गेला.

"ही?"

"हीच."

तो हलला नाही. शिट्टी संपेपर्यंत पुरी दोन मिनिटं तसाच उभा राहिला. "तीन वेळा मी हिला नाही म्हणालो," तो म्हणाला.

काम पाच मिनिटांचं निघालं. मागचा नळ बंद करून त्याने पाइप सोडवला. पाणी आत येतं तिथे नाण्याएवढी एक जाळी होती, क्षार बसून पांढरी झालेली. जुन्या टूथब्रशने घासून त्याने ती परत बसवली. पाणी सुरू केलं. पाणी आलं, आणि पाण्याशिवाय काहीच ऐकू आलं नाही.

त्याने खिशातून तोच घडी पडलेला कागद पुढे केला. ती पेन हातात घेऊन त्या दोन चौकटींकडे बघत राहिली. 'आहे'वर खूण करणं अगदी सोपं होतं. पण ह्या माणसाने नुकतंच खरं ऐकायला सुरुवात केली होती. तिने 'नाही'वर खूण केली, सही केली आणि कागद परत दिला. तक्रार मिटली होती. कंपनीच्या दृष्टीने आता त्याला इथे यायचं काही कारण नव्हतं.

तो पिशवी आवरू लागला. ती उठून बेसिनकडे तोंड करून उभी राहिली. छातीत नुसतं धडधडत होतं, आणि ते मोजायचं यंत्र इस्पितळाच्या दुसऱ्या विभागात होतं. नळाकडे बघत, त्या दिवशीइतक्याच हळू आवाजात ती म्हणाली, "पहिल्यांदा आवाजासाठीच बोलावलं होतं. नंतरचं तुम्हाला वाटलं ते बरोबर होतं. तुम्ही येता ते मला आवडतं."

मागे पाने वाजायचे थांबले.

"पुढच्या रविवारी येतो," तो म्हणाला. "पिशवी न घेता. चार वाजता?"

"साडेचारला या," पलीकडच्या खोलीतून आई म्हणाली, जिला शिट्टी आजवर ऐकू आली नव्हती. "चारला मी झोपलेली असते."

ती वळली तेव्हा तो हसत होता, आणि तिच्या ओठांकडेच बघत होता.

"आता तर नीट ऐकू येतं ना?" ती म्हणाली.

"येतं की," तो म्हणाला, आणि बघतच राहिला.