टाकीखालची सावली

"आता मी न्हाई यायची," इंद्रायणी बाभळीखाली बसकण मारत म्हणाली. "दोनदा गेलो, दोनदाबी त्यो हसला."

मे महिन्याची सुट्टी होती. पिंपरीच्या माळावर नव्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, आणि रहाटणीची इंद्रायणी रोज सकाळी तिथल्या कचेरीत दूध घालायची. आज परत जाताना तिला दिसलं, की पाण्याच्या उंच टाकीचा एक विटांचा खांब भेगाळलाय आणि गळतीच्या पाण्यानं त्याच्या बुडाची माती वाहून चाललीय. दुपारच्या सुट्टीत मजूर बाया लेकरं घेऊन त्याच टाकीच्या सावलीला बसत.

तिनं लगेच ओव्हरसियर मारुतरावांना गाठलं होतं. त्यांनी तिचं 'माती खचाया लागलीया' तेवढं उचललं आणि तिच्यासारखंच बोलून दाखवत दोन कारकुनांना हसवलं. मग तिचा मित्र हनीफ गेला. त्याच्या वडिलांचं पुणे रस्त्यावर लॉऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. त्याच्या मराठीत निम्मी हिंदी यायची. आधी मराठी शिकून ये, असं हसत सांगून मारुतरावांनी त्याला घालवलं.

सुमन हे सगळं ऐकत होती. ती पुण्याहून मामाकडे सुट्टीला आलेली. पहिल्या दिवशी इंद्रायणीच्या बोलण्याला तीही हसली होती. ते आठवून तिला कसंसंच झालं.

"मी जाते," ती म्हणाली. "पण नीट सांग मला. खांबातलं मला काही कळत नाही."

इंद्रायणीनं कंटाळून पुन्हा सगळं सांगितलं: खांब कोणता, भेग दोन बोटं रुंद कशी, पाणी कुठून झिरपतंय. सुमननं ते मनात घोकलं. साडेअकरा वाजून गेले होते. तिघं पुन्हा तापल्या माळावरून निघाली. पाय भाजत होते.

मारुतरावांनी सुमनला बसायला खुर्ची दिली. तिचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि तसेच टाकीकडे धावले. सुट्टीचा भोंगा होण्याआधी टाकीभोवती दोर बांधले गेले, बायांना लांब बसवलं गेलं. पाऊण वाजता खांब ढासळला आणि टाकी पाण्यासकट खाली आली. तिच्याखाली दोन घमेली तेवढी चेपली.

इंजिनियरसाहेब जीपमधून आले. त्यांनी सुमनच्या पाठीवर हात ठेवला. "किती स्वच्छ सांगितलंस, पोरी!"

"साहेब, सकाळी हिनं हेच सांगितलं होतं," सुमन थकल्या आवाजात म्हणाली. "नंतर हनीफनंही. मी फक्त पुण्यासारखं बोलले."

साहेबांनी मारुतरावांकडे पाहिलं.

"खरंय, साहेब," मारुतराव खाली बघत म्हणाले. "मला यांच्या बोलण्याचं हसू आलं."

साहेबांनी तिघांनाही शाबासकी दिली आणि इंद्रायणीला विचारलं, बक्षीस काय देऊ? आनंद व्हायलासुद्धा तिच्यात जोर उरला नव्हता.

"बायास्नी बसाया दुसरी सावली करा," ती म्हणाली. "ऊन लई हाय."

कुणी हसलं नाही. मारुतरावांनी स्वतः बांबू आणि चटया आणवल्या. पहिली चटई वर बांधून होईपर्यंत तिघं तिथंच बसून राहिली. उठायचं त्राण कुणातच नव्हतं.