एकोणीस तासांतली माणसं

ओदिलोन दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या केसांवर धुकं होतं आणि हातात भाकऱ्या बांधायचं फडकं. नेरेइदाला वाटलं, मावशीनं जेवण पाठवलं.

"ठेवा तिथं," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली.

"ठेवतो. पण खाऊ नका हं, दात पडतील."

फडक्यात चार मेमरी कार्डं होती.

सान मेल्चोर गावच्या जत्रेचं ते तीन दिवसांचं चित्रण, एकोणीस तासांचं. मेक्सिकोतल्या वाहाका शहरात नेरेइदानं सहा वर्षं लग्नांच्या फिल्म कापल्या-जोडल्या होत्या. मावशीचा पाय मोडला म्हणून ती महिन्यापूर्वी गावी परतली, आणि पंचायतीनं लगेच हे काम तिच्या गळ्यात घातलं. अर्धं गाव लॉस एंजेलिसला राहत होतं. कागदपत्रांशिवाय सरहद्द ओलांडून गेलेली माणसं ती; जत्रेला यायचं तर परत जाता येणार नाही. मग दरवर्षी जत्राच त्यांच्याकडे जायची, पडद्यावर.

"एकोणीस तास? कॅमेरा बंद करायचं बटण सापडलं नाही वाटतं?"

"सापडलं. आवडलं नाही."

आता मात्र तिनं मान वर केली. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. वर्षभर कॅमेरा वाहिल्याची खूण. आणि तो हसू दाबत होता... फारसं जमत नव्हतं.

"मी याची बारा मिनिटं करणार आहे," ती म्हणाली.

हसू गेलं. "बारा? शहरवाल्या बाई, बारा मिनिटांत आमच्या बॅण्डवाल्या मंडळींची वाद्यं पुसूनसुद्धा होत नाहीत."

"बघाच तुम्ही!"

बारा मिनिटं खरंच देखणी झाली. बैलाची उसळी, पिसांच्या मुकुटांचा नाच, दारूकामाचा मनोरा, ट्रम्पेटवर चमकणारं ऊन... एक क्षणही फुकट नव्हता. बुधवारी नेरेइदानं ती पाठवली आणि मावशीला म्हणाली, "याला म्हणतात काम!"

गुरुवारी सकाळपासून फोन सुरू झाले.

"बैल छान उडाला गं, पण माझी आई कुठाय?"

"दारूकाम आम्हाला इथंही दिसतं, पोरी!"

"पंगत कापलीस?" हे सेलेरिनोकाका, तिकडच्या मंडळाचे अध्यक्ष. "अख्खी पंगत? अगं, आम्ही जत्रा बघतो ती पंगतीसाठी!"

दुपारी ओदिलोन आला. ती भांडणाच्या तयारीत होती; तो मात्र टोपी हातात फिरवत नुसता उभा राहिला.

"रविवारी गावसभा आहे," तो म्हणाला. "तक्रार आली तर माझं वर्ष धरणार नाहीत."

गावातल्या प्रत्येक तरुणाला एक वर्ष गावसेवा करावी लागे. काम सभा ठरवी. ओदिलोनच्या वाट्याला कॅमेरा आला होता. वर्ष धरलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आणि नोव्हेंबरात तर त्याला पलीकडच्या डोंगरावरच्या उस्तादाकडे जायचं होतं, बॅण्डची वाद्यं दुरुस्त करायला शिकायला. उस्ताद वर्षाला एकच शिष्य घेई. ओदिलोन तीन वर्षं रांगेत होता.

"चूक माझी आहे. मी सांगते सभेत."

"चूक कुणाची, ते सभा विचारत नाही. काम झालं का, तेवढंच विचारते." तो थांबला. "दोन दिवस आहेत. बसायचं?"

बसले. एकच खुर्ची होती. तो उलट्या बादलीवर बसला. नेरेइदानं स्वयंपाकाच्या मांडवाचं चित्रण लावलं. चाळीस बायका मक्याच्या भाकऱ्या थापत होत्या आणि कॅमेरा गोगलगायीसारखा सरकत होता.

"इथं एवढा का थांबलास?" कधीतरी 'तुम्ही' गळून पडलं होतं.

"तोमासाकाकू तव्याकडे बघतायत. त्यांनी मान वर करायची वाट बघतोय. त्यांचा लेक तिकडे हॉटेलात भांडी घासतो. त्याला तोंड दिसायला नको?"

एकोणचाळीस सेकंदांनी तोमासाकाकूंनी मान वर केली. नेरेइदानं सेकंद मोजले होते.

"आणि हे लंगडं कुत्रं?"

"एउफेमियोचं. तिकडून फोनवर तो आईच्या आधी त्याचीच चौकशी करतो."

"आई चिडत नाही?"

"आईच त्याला सांगते, कुत्रं बरंय, मी पण बरी आहे."

नेरेइदा इतकी हसली की माउस खाली पडला. तो उचलायला दोघंही एकदम वाकले, आणि... कपाळावर कपाळ आपटलं.

"हे पण ठेवायचं?" कपाळ चोळत त्यानं विचारलं.

"कामाकडे बघ!" तिचे कान मात्र तापले होते.

शुक्रवारी ती एका तुकड्यापाशी अडली. चार मिनिटं. देवळाशेजारची एक दगडी पायरी. माणूस नाही, काही नाही. वर ऊन सरकतंय, बस्स. शहरात असती तर तिनं हा तुकडा सगळ्यांत आधी उडवला असता.

"हे चुकून राहिलं ना?"

ओदिलोननं मान हलवली. "सेलेरिनोकाकांचे वडील तिथं बसायचे. मार्चमध्ये गेले. काकांना येता आलं नाही."

नेरेइदानं पडद्याकडे पाहिलं, मग बादलीवर बसलेल्या या माणसाकडे. जत्रा ऐन रंगात असताना, मागे बॅण्ड वाजत असताना, हा रिकाम्या पायरीसमोर चार मिनिटं स्थिर उभा राहिला होता. चित्र तसूभरही हललं नव्हतं. किती माणसं मनात साठवावी लागतात त्यासाठी! ...हा नोव्हेंबरात डोंगरापलीकडे जाणार, हे तिला एकदम खुपलं. आणि त्यानं जावंच, असंही वाटलं.

चार मिनिटं तिनं तशीच ठेवली.

एकोणीस तासांचे तीन झाले. गेलं ते अंधारातलं, धूसर आणि दोनदा आलेलं. एकही चेहरा गेला नाही. शनिवारी ते सगळं रवाना झालं.

रविवारी पंचायतीच्या अंगणात सभा भरली. सरपंचांनी तिकडचा फोन कर्ण्याला लावला. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला.

"पायरी बघितली," सेलेरिनोकाका अखेर म्हणाले. "पोराचं वर्ष धरा."

हात वर गेले. नेरेइदानं सुस्कारा सोडला, तोच कर्ण्यातून खणखणीत बाईमाणूस गरजलं. "अरे मेल्या ओदिलोन! गावातलं कुत्रंसुद्धा दिसलं, तू कुठायस? वाळलास की काय?"

सभेत हशा पिकला. एर्मिला, ओदिलोनची धर्मआई. आईबाप वारल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. सभेनं तिथल्या तिथं ठराव केला: नेरेइदानं ओदिलोनचं चित्रण करून पाठवावं.

तिनं त्याला देवळामागच्या भिंतीशी उभं केलं. एकोणीस तास कॅमेऱ्यामागे न डगमगलेला माणूस समोर येताच हात कुठे ठेवावेत हेच विसरला.

"बोल ना."

"काय बोलू?"

"वाळला नाहीस, एवढं तरी सांग."

त्यानं घसा खाकरला. "धर्मआई, मी जेवतो. काळजी करू नकोस. आणि... मुलीकडे मागणं घालायला घरचं मोठं माणूस जावं लागतं, आणि मला तूच आहेस. तर तू नेरेइदाच्या मावशीला फोन करून विचारशील का... मी शिकून येईपर्यंत..."

"आधी मला विचार की!" कॅमेऱ्यामागून नेरेइदा ओरडली.

"विचारतो. थांबशील?"

"मी कशाला थांबू? मी इथं काम करणार आहे. तू शीक, आणि वेळेवर ये."

"म्हणजे... हो?"

"हो!"

तो हसला. मग कॅमेऱ्यावरचा लाल दिवा त्याला दिसला. "अगं, हे सगळं उतरलं. कापायचं का?"

नेरेइदानं क्षणभर विचार केला. तिकडे सभागृहात शंभर माणसं खुर्च्यांवर पुढे सरकून विचारणार: आवाज आला, पण पोरगी कुठाय?

तिनं कॅमेरा स्वतःकडे वळवला, बट कानामागे सारली आणि सगळ्यांना नीट दिसेल अशी मान वर करून पुन्हा म्हणाली, "हो."